अण्णांनी जोडलेलं हेल्मेट

आमच्या घरातून मोडकी वस्तू कधी भंगारवाल्याकडे गेली नाही. बिबवेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत जे जे म्हणून होतं, ते एकदा तरी अण्णांच्या हाताखालून गेलेलं होतं. कुकरची मूठ, छत्रीच्या काड्या, रेडिओची कळ, माझ्या चपलेचा अंगठा, सगळं मोडायचं आणि सगळं पुन्हा कामाला लागायचं. अण्णा म्हणजे आमचे वडील. एका सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारून घरी यायचे, शर्ट खुंटीला लावायचे आणि चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, "आज काय मोडलं?" काहीच मोडलेलं नसलं तर जरा हिरमुसायचे. त्यांच्या लहानपणी गावाकडच्या घरात मोडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. त्यामुळे शहरात येऊन, नोकरी लागून, पै-पै साठवून जे घेतलं ते शेवटपर्यंत टिकवायचं, ही त्यांची जिद्द होती. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. पुढे खराडीतल्या काचेच्या इमारतीत मी माझी नोकरीची वर्षं काढली. तिथे धडधाकट संगणकसुद्धा जुने झाले म्हणून ढिगाने बाहेर जाताना पाहिले, आणि अण्णांचे ते पक्कड धरलेले हात आठवून मलाच नवल वाटू लागलं.

आई महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टर होती. सगळा मोहल्ला तिला सिस्टर म्हणायचा, भाजीवालीसुद्धा. घरात ती कमी बोलायची, पण जे बोलायची ते शेवटचं असायचं. आमच्या खाली पिठाची गिरणी होती आणि शेजारी खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्याचं वेल्डिंगचं दुकान. सकाळी गिरणी सुरू झाली की फळीवरचे डबे आपोआप किणकिणू लागत. त्या आवाजात आणखी एक आवाज मिसळलेला असे, माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुजाताच्या, सायकलच्या मागच्या चाकाची टिकटिक. ती शर्यतीची सायकल रात्री खाटेच्या डोक्याशी भिंतीला टांगलेली असायची. पहाटे सुजाता ती खांद्यावर घेऊन जिना उतरायची. दोन तासांनी परत आली की घामाने निथळत थेट स्वयंपाकघरात बसायची. भिजवलेले हरभरे, गूळ, उकडलेली अंडी, कालची भाकरी दुधात कुस्करून, बोंबलाची चटणी, समोर येईल ते ती खायची. आई तव्यावरची भाकरी तिच्या ताटात टाकत राहायची आणि मी सदाशिव पेठेतल्या संगणकाच्या क्लासला जायच्या गडबडीत माझा वाटा आधीच बाजूला काढून ठेवायची. एवढं अन्न त्या काटकुळ्या पोरीच्या अंगात जातं कुठे, याचं मला कोडं होतं. मग एका रविवारी मी तिला घोळक्यात सायकल चालवताना पाहिलं आणि कोडं सुटलं.

तिचे प्रशिक्षक लिमये सर. स्वतः एके काळचे शर्यतपटू, सदाशिव पेठेत राहणारे, अंगाने किरकोळ आणि जिभेने तिखट. पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका मैदानात ते मुलींना पडायला शिकवायचे. हो, पडायलाच. रविवारी सकाळी गवतावर सगळ्या मुली हळूहळू गोल फिरायच्या, एकमेकींना खांद्याने धक्के द्यायच्या, पुढचीच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक मुद्दाम घासायच्या आणि धडाधड पडायच्या. सर कडेला हाताची घडी घालून उभे. एखादीने पडताना हात पुढे केला की म्हणायचे, "हात पुढे करून लोक दान मागतात. आपण हँडल धरायचं, खांदा आत घ्यायचा आणि लोळायचं." मुली पुन्हा सायकलवर बसायच्या आणि पुन्हा पडायच्या. मी पुस्तक वाचायला म्हणून झाडाखाली बसले होते, पण पान उलटलं नाही. आपल्याकडे लेकरू चालायला लागलं की पडू नको, पडू नको म्हणून सगळं घर त्याच्यामागे धावतं. आणि इथे एक शहाणा माणूस सांगत होता, पडणार तर आहातच, नीट पडा. मला ते फार भारी वाटलं.

त्या काळात शर्यतीत डोक्यावर चामड्याच्या चार जाड पट्ट्या बांधायची पद्धत होती. त्यालाच हेल्मेट म्हणायचे. डोकं अर्धं उघडंच. मग शहरात नव्यानेच निघालेल्या एका संगणक कंपनीच्या मालकाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी परदेशातून येताना सरांच्या मुलींसाठी नवी हेल्मेटं आणली. आत पांढरा थर्मोकोल आणि वर ताणून बसवलेलं रंगीत कापड. कंपनी दानशूर होती, त्या वर्षी सगळंच दानशूर वाटत होतं. रस्त्यावर नव्या गाड्या दिसत होत्या, टीव्हीवर नवी चॅनेलं, आणि माझ्या क्लासातला प्रत्येक जण परदेशी जाणार होता. पण हेल्मेटांची शहरात टिंगल झाली. मुली फर्ग्युसन रस्त्याने चालल्या की पोरं ओरडायची, "ए, टरबूज कितीला दिलं?" जुन्या शर्यतपटूंनी तर ती बोटाने टोचून पाहिली आणि मान हलवली. फ्रिजच्या खोक्यात येतो तो थर्मोकोल डोक्याला बांधून काय होणार, असं त्यांचं म्हणणं. सुजाताला मात्र ते आवडलं होतं. हलकं होतं आणि आत वारा खेळायचा, एवढंच तिचं म्हणणं.

एका मंडळाने रविवारी सकाळी शर्यत ठेवली होती. टिळक रस्त्याने जायचं, शास्त्री रस्त्याने परत यायचं, अशा कितीतरी फेऱ्या. आईची दवाखान्यात पाळी होती आणि अण्णा नेमके कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. मी एकटीच दोरीपाशी उभी होते. घोळका दिसायच्या आधी ऐकू यायचा. पातळ टायरांची एकसुरी घूं आणि साखळ्यांची सळसळ. मग चौकात वळणावर पंचवीस-तीस मुली एकमेकींच्या कोपराला कोपर लावून अशा तिरक्या व्हायच्या की श्वास रोखला जायचा. त्यांच्यात वीतभर अंतर नव्हतं. बोलायला वेळ नसल्याने त्या हाताने बोलायच्या. पुढची मुलगी पाठीमागे बोट करून खड्डा दाखवायची, तिच्या मागची तेच बोट करायची, आणि ती खूण शेपटापर्यंत जायची. समोरचं काहीही न दिसता, केवळ पुढचीच्या बोटावर विश्वास ठेवून त्या पोरी त्या वेगात जात होत्या. त्यातली एक आमच्या घरात भाकऱ्या खाते, यावर माझा विश्वास बसेना. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होते.

आता पुण्याचं माणूस सायकल ओळखतं. पिढ्यान्‌पिढ्या रस्ता ओलांडताना त्याने समोरून येणारी सायकल पाहिलेली असते. ती आपल्यापाशी यायला किती वेळ लागेल हे त्याला डोळे मिटून कळतं. नेमकी हीच हुशारी त्या सकाळी नडली. दुधाच्या पिशव्या घेतलेले एक वयस्क गृहस्थ, मंडळाचा कार्यकर्ता नको नको म्हणत असताना, "रस्ता काय तुमच्या मंडळाने विकत घेतलाय का?" असं विचारून, लांबवर दिसणाऱ्या सायकलींकडे एक नजर टाकून शांतपणे रस्ता ओलांडायला निघाले. रोज निघत तसेच. ते अर्ध्यावर पोहोचले आणि घोळका त्यांच्यासमोर उभा ठाकला. पुढची मुलगी जोरात डावीकडे वळली, तिच्या मागचीचं चाक तिच्या चाकाला लागलं आणि मग भांड्यांची मांडणी भिंतीवरून सुटून कोसळावी तसा आवाज झाला. तो थांबेचना. मागून येणाऱ्या पुढच्यांवर आदळतच होत्या. मी सुजाताला हवेत पाहिलं. डोकं खाली, पाय वर, आणि दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलेलं. ती आपटली, लोळली, आणि तिच्यावर दुसरी सायकल पडली.

मग सगळं शांत झालं. कुठलं तरी एक चाक हवेत फिरत होतं, त्याची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मी दोरीखालून धावले. मी पोहोचायच्या आत सुजाता उठून बसली, अंगावरची सायकल तिने बाजूला केली, आपली साखळी निसटलेली पाहिली, ती बोटांनी बसवली आणि मला म्हणाली, "प्रज्ञा, बाजूला हो, मागून येतायत." खांदा आणि मांडी सोलवटून निघाली होती. ती सायकलवर बसली आणि गेली. तिच्यामागून एकेक मुलगी उठत गेली आणि लंगडत, रडत, शिव्या घालत पुन्हा निघाली. ज्या दोघींना उठता येईना त्यांना सरांनी सावलीत नेलं, दोघींचीही गळ्याजवळची हाडं मोडली होती. ते गृहस्थ मात्र जिथे होते तिथेच उभे होते, त्यांना साधा ओरखडाही नव्हता. दुधाची पिशवी फुटून धोतरावर ओघळ आले होते. ते माझ्याकडे पाहून, अगदी मनापासून, म्हणाले, "सायकल एवढ्या जोरात येत नाही हो." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मलाही अर्ध्या तासापूर्वीपर्यंत तसंच वाटत होतं.

शर्यत संपल्यावर सुजाताने हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट तिच्या हातात दोन तुकडे होऊन आलं. कापडाने तेवढं धरून ठेवलं होतं. एका बाजूचा थर्मोकोल दाबून पार चपटा झाला होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. तिच्या डोक्याला साधं टेंगूळ नव्हतं. घरी आल्यावर अण्णांनी ते तुकडे हातात घेऊन उलटसुलट केले आणि त्यांचा चेहरा पडला. "एकदाच पडली आणि फुटलं? हा परदेशी माल! एका पडण्यात कामातून गेलं. आपल्या चामड्याच्या पट्ट्या बघा, हिच्या मैत्रिणीच्या तशाच्या तशा आहेत." हे आम्हांला सगळ्यांना पटलं, हे मी आज लिहिताना सांगायलाच हवं. घरात चार समंजस माणसं होती आणि फुटलेली वस्तू कुचकामी असते याबद्दल चौघांत एकमत होतं.

आईने सुजाताच्या जखमा धुतल्या, आत रुतलेले खडे चिमट्याने काढले, मलम लावून पट्ट्या बांधल्या. मग हात पुसत म्हणाली, "आता बास. हाडं जोडली जातात. डोक्याला मार लागलेली माणसं मी बघितलीयत. बारा-बारा वर्षांच्या मुलांना आया घास भरवतात, आणि त्यांना आपली आईसुद्धा ओळखू येत नाही. सायकल विकून टाका." सुजाता भिंतीकडे तोंड करून पडली होती. महिन्याभराने बोपदेव घाटात राज्याच्या संघाची निवड होती. संघात नाव लागलं की पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा रस्ता उघडतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सुजाताला नोकरीचं काही नव्हतं. तिला तो घाट हवा होता. ती रडली नाही, वाद घातला नाही, फक्त जेवायची थांबली. ज्या पोरीला आम्ही खादाड म्हणून चिडवायचो, तिच्या ताटातली भाकरी तशीच वाळून जाऊ लागली. ते बघवत नव्हतं.

तेव्हा अण्णा कामाला लागले. पहिल्यांदा त्यांनी चपलेचं डिंकासारखं सोल्युशन लावून पाहिलं, तर थर्मोकोल त्यात साखरेसारखा विरघळायला लागला. अण्णा खूश झाले, कारण अडचण आली की त्यांना चेव यायचा. मग सुताराचा पांढरा गोंद आणला. तुकडे जुळवून दोऱ्याने आवळले, चेपलेल्या भागात कागदाचा लगदा भरला, आईच्या पेटीतल्या गॉजच्या पट्ट्या गोंदात बुडवून वर थर चढवले, आणि प्रत्येक थर गॅलरीत वाळवला. गिरणीचं पीठ उडून त्यावर बसू नये म्हणून वर चाळण उपडी घातली. शेवटी पॉलिश पेपरने घासून त्याला असा गुळगुळीत आकार दिला की हात फिरवत राहावं. मूळचं कापड फाटलं होतं. आईने, इतके दिवस त्या वस्तूकडे न पाहणाऱ्या आईने, एका संध्याकाळी आपल्या पेटीतून निळं कापड काढलं आणि मुकाट्याने नवं आवरण शिवून दिलं. शेजारचा वेल्डर बघायला आला आणि म्हणाला, "अण्णा, दुकान टाका."

रविवारी, वंदना करून आम्ही विहारातून परत आल्यावर, अण्णांनी ते हेल्मेट फरशीवर ठेवलं, स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि आईच्या देखत दाणकन हाणला. हेल्मेट गडगडत भिंतीला लागलं. साधी चीर पडली नाही. पुन्हा हाणला. "बघ," अण्णा धापा टाकत म्हणाले, "आता हत्तीने पाय दिला तरी फुटणार नाही. आता तरी जाऊ दे तिला." आईने ते उचललं. बोटाने जागोजागी दाबून पाहिलं, जखम तपासावी तसं. "हे फुटणार नाही ना?" तिने विचारलं. "नाही," अण्णा म्हणाले. "मग जाऊ दे." सुजाता त्या दुपारी मटणाच्या रश्श्याबरोबर किती भाकऱ्या जेवली ते मोजायचं भान कुणालाच राहिलं नाही.

बोपदेव घाट तेव्हा निवांत होता. कोंढव्याच्या पुढे वस्ती संपायची, मग येवलेवाडीची शेतं आणि समोर एकदम डोंगर. या शर्यतीत घोळका नव्हता. एकेकीने सुटायचं, एकटीने घाट चढायचा, माथ्यावर वळसा घालून त्याच रस्त्याने उतरून परत यायचं आणि वेळ बघायची. आम्ही सगळे गेलो होतो. आईने रजा टाकली होती. ती पहिल्यांदाच शर्यत बघत होती. तिने दवाखान्यातली पांढरी साडी नेसली नव्हती, पण सवयीने पिशवीत बँडेज आणि मलम भरून आणलं होतं. निवडीला यावेळी पट्ट्यांचं हेल्मेट चालणार नव्हतं, तसा नियमच झाला होता. मुली एकामागून एक सुटत होत्या आणि सुजाताचा नंबर शेवटाला होता. सुटायच्या आधी लिमये सर प्रत्येकीचं हेल्मेट हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघायचे, बोटाच्या पेराने वाजवायचे आणि परत द्यायचे.

सुजाताचं हेल्मेट त्यांनी वाजवलं आणि थांबले. पुन्हा वाजवलं. मग आईने घातलेली शिवण नखाने उसवली आणि आत पाहिलं. "कुणाची कारागिरी?" त्यांनी विचारलं. अण्णा पुढे झाले. "माझी. वरवंटा मारून तपासलंय, सर." सर म्हणाले, "वरवंटा ठीक आहे ना?" आजूबाजूच्या मुली हसल्या, अण्णाही हसले. सर हसले नाहीत. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतरही कधी असं बोलताना ऐकलं नाही. "साहेब, काम फार देखणं आहे. असं काम मी पाहिलेलं नाही. पण आता हे हेल्मेट राहिलं नाही, दगड झालाय. त्या दिवशी रस्त्याचा दणका या थर्मोकोलने खाल्ला, चेपला, फुटला, म्हणून हिच्या डोक्यापर्यंत काही पोचलं नाही. हे एकदाच फुटायला केलेलं असतं. आता हे फुटणार नाही. आता फुटेल ते डोकं."

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू जागीच राहिलं, त्यांना ते पुसायचं सुचलं नाही. आई मात्र काय ते क्षणात समजली. मी तिच्याकडेच बघत होते. ज्या भरवशावर तिने मुलीला जाऊ दिलं होतं तो भरवसा तिच्यासमोर उलटा झाला होता. "म्हणजे आम्ही हिला..." एवढंच ती म्हणाली. "टाकून देतो," अण्णा पुटपुटले. सर म्हणाले, "टाकू नका. इतकं छान दिसतंय, कुणीतरी उचलून घालेल. मोडा." अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि रस्त्याच्या कडेचा एक धोंडा उचलला. आयुष्यात त्या माणसाने जाणूनबुजून काही मोडलं नव्हतं. पहिला घाव बसला आणि काहीच झालं नाही, इतकं ते पक्कं जोडलं होतं. दुसरा, तिसरा, अण्णा गुडघ्यांवर बसून घाव घालत राहिले, त्यांच्या शर्टाची पाठ भिजली. शेवटी कड्‌कन आवाज आला, पांढरे तुकडे मातीत उडाले, आणि अण्णा ते तुकडे गोळा करत, अगदी बारीकसुद्धा, आपल्या रुमालात बांधू लागले. मी त्यांच्याजवळ बसले. ते म्हणाले, "फुटलं म्हणून मी त्याला नावं ठेवली गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी जे वाटलं ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहिते. त्यांनी आजवर जोडलेल्या सगळ्या वस्तूंपेक्षा ते मोडणं मला मोठं वाटलं.

सुजाता सायकल धरून उभी होती. हेल्मेट नाही, म्हणजे शर्यत नाही. तेवढ्यात घाटातून मृणाल उतरली. सदाशिव पेठेतली ही मुलगी सुजाताची सगळ्यात जवळची मैत्रीण आणि सगळ्यात पक्की प्रतिस्पर्धी. तिची वेळ त्या दिवशीची सगळ्यात चांगली लागली होती. सरांच्या मुलींत एकच चांगलं चाक तिघींत फिरायचं, एकीचे बूट दुसरी घालायची, त्यामुळे तिला काही सांगावं लागलं नाही. मातीतला एक पांढरा तुकडा आणि सुजाताचं उघडं डोकं बघून तिने आपलं हेल्मेट काढलं. "घाम माझा आहे, पाय तुझे लाव. आणि माझी वेळ मोडलीस तर बोलणार नाही तुझ्याशी." सुजाताने हात पुढे केला, पण हेल्मेट आईने मध्येच घेतलं.

मला वाटलं, संपलं. आई ते हातात घेऊन उभी राहिली. "हे घालून पडलीस का गं कधी?" तिने मृणालला विचारलं. "नाही काकू. माझं सगळं पडून झालं ते हे मिळायच्या आधी." आईने आत बोटं घालून थर्मोकोल चाचपला. मग ती सरांकडे वळली. "सर, हे फुटेल ना?"

"फुटेल, सिस्टर."

"नक्की?"

"त्याच्यासाठीच केलंय ते."

आईने ते सुजाताच्या डोक्यावर ठेवलं, कपाळावर खाली ओढलं आणि हनुवटीखाली पट्टा बांधला. मग बँडेज घट्ट झालं का हे बघताना घालते तसं एक बोट पट्ट्याखाली घालून पाहिलं. "जा," ती म्हणाली. सरांनी मागून सायकलची सीट धरली होती, शिट्टी वाजताच ती सोडली.

ती वळणाआड गेली. चढण लांब होती, आम्ही वाट बघत राहिलो. आई रस्त्याच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली, जिथून शेवटचं वळण दिसत होतं. तिथे वळणाच्या आतल्या बाजूला बारीक खडी पसरली होती आणि तिच्याकडे माझं सारखं लक्ष जात होतं. आजकाल रविवारी सकाळी याच घाटात खराडी-मगरपट्ट्याची नोकरदार मुलंमुली रंगीबेरंगी कपड्यांत सायकली घेऊन येतात, प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. मी मोटारीतून जाते तेव्हा काच खाली करून त्यांच्याकडे बघते. त्या दिवशी आधी आवाज आला. कापड टरकावं तसा वाऱ्याचा आवाज. डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा थांबून वर बघू लागला. मग ती दिसली. पाठ आडवी, हनुवटी हँडलला टेकलेली, वळणाच्या आधी एकदाच ब्रेक आणि नंतर ब्रेकवरची बोटं मोकळी. ती इतकी तिरकी झाली की तिचा गुडघा रस्त्याला घासेल असं वाटलं. खडीवर मागचं चाक सरकलं, हातभर सरकलं, मी किंचाळले, आणि चाक पुन्हा जाग्यावर आलं. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा माझा पदर उडाला. "वारं हाय का पोरगी हाय?" तो म्हातारा म्हणाला. आईने डोळे मिटले नव्हते. तिचं तोंड उघडं होतं आणि चेहऱ्यावर जे होतं ते भीतीचं नव्हतं. आपण जिला जन्म दिला ती हे करू शकते, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. मलाही ते आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसलं.

मृणालची वेळ मोडली नाही, थोडक्यात राहिली. पण दोघींचीही नावं संघात लागली आणि पुढे सुजाताला नोकरीही मिळाली. पण ते सगळं नंतर कळलं. तेव्हा ती सायकलवरून उतरून रस्त्यावरच आडवी झाली होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि ती हसत होती. अण्णा रुमालाची पुरचुंडी खिशात घालून तिला पाणी पाजत होते. आई तिच्याजवळ बसली, पट्टा सोडला आणि हेल्मेट काढून घेतलं. उन्हात धरून तिने ते सगळीकडून फिरवून पाहिलं, कडा पाहिल्या, आतला थर्मोकोल दाबून पाहिला. मग पदराने आतला घाम पुसला आणि ते मृणालच्या हातात दिलं.

"घे बाळा," ती म्हणाली. "अजून वापरलेलं नाही."